रेघेबाहेरचा चहा

थंडी नाशकात आधी कुठे उतरते, यावर आमच्या सकाळच्या कट्ट्यावर दरवर्षी वाद होतो. कुणी म्हणतं निफाडला, कुणी म्हणतं गंगापूर धरणाच्या पाण्यावर. मी काही बोलत नाही. ती आधी माझ्या उजव्या गुडघ्यात उतरते. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की एका पहाटे गुडघा जुन्या कुलपासारखा खट्ट करतो आणि मी गादीतूनच जाहीर करते, "आली." पारा घसरल्याची बातमी पेपरात येते ती त्यानंतर दोन दिवसांनी.

यंदा घरात असे गुडघे दोन झाले. दुसरा माझ्या नातीचा, रेवाचा.

रेवा आइस हॉकी खेळते. नाशकात राहून. हे वाक्य मी गेली दहा वर्षं लोकांना ऐकवते आणि दर वेळी समोरचा माणूस 'म्हातारी जरा सरकली' अशा नजरेनं माझ्याकडे बघतो. त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडे बर्फ मिळतो तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटाखाली. पण पोरगी चाकांचे स्केट घालून सातपूरमागच्या सिमेंटच्या रिंकवर शिकली, आणि मग दर हिवाळ्यात लडाखला जाऊन गोठलेल्या तळ्यावर खेळू लागली. टीव्हीवर तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कॅरमच्या काळ्या सोंगटीमागे ही एवढी मोठी माणसं का धावताहेत? दोनदा ती देशात पहिली आलेल्या संघात होती. पदकं स्वयंपाकघरातल्या खुंटीवर लटकतात, गच्चीच्या किल्लीशेजारी.

मागच्या हिवाळ्यात बर्फावर कुणीतरी येऊन आदळलं आणि तिच्या डाव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, यंदा स्केट पायात घालायचे नाहीत, पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात रिंकवाल्यांनी विचारलं, तोवर लहान मुलांची कोच होशील का?

"मी? कोच?" रेवा माझ्यासमोर ताट सरकवत म्हणाली. "आजी, कोच म्हणजे म्हातारी माणसं. रिटायर झालेली."

"हो ना," मी म्हटलं. "वरण घे."

हसू दाबायला मला लोणच्याची बरणी उघडावी लागली. कारण हेच वाक्य, याच ठसक्यात, गुडघ्याला पट्टा बांधून मी स्वतः म्हटलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी. अशाच थंडीत.

*

मी खेळायचे ती साधी हॉकी, मातीवरची. इगतपुरीच्या रेल्वे वसाहतीत वाढले. तिथल्या धुक्यात चेंडू दिसायचा कमी आणि ऐकू यायचा जास्त. मुरमावर तो खरखरत यायचा, ओल्या गवतावर सरसरत. कानानं चेंडू ओळखायची ती सवय मला थेट राज्याच्या संघात घेऊन गेली. सेंटर फॉरवर्ड! त्या काळात मी स्वतःला काय समजायचे, यासाठी मराठीत चांगला शब्द आहे, पण नातवंडांच्या घरात तो वापरत नाही. एक खांदा जरा वर ठेवून चालायचे. रेशनकार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर सहीचा सराव करायचे, कारण लोक सह्या मागतील. उभ्या आयुष्यात माझी सही मागितली ती फक्त रजिस्टर पत्र घेऊन येणाऱ्या पोस्टमननं.

मग गुडघा गेला. संघाची यादी आली, त्यात मी नव्हते. नाशकातल्या एका मुलींच्या शाळेनं खेळाच्या बाई म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी मी राज्याचा लोकरी ब्लेझर घालून मैदानावर गेले. वेळ दुपारी दोनची. घामानं भिजले, पण काढला नाही. खिशावरचा बिल्ला दिसायला हवा ना!

आणि शिकवलं काय? काही नाही. मी खेळत होते. मुलींना म्हणायचे, "बघा, असं," आणि चेंडू घेऊन सुटायचे, लंगडत का होईना. मुली आधी बघायच्या, मग कंटाळून कडेला बसून हरभऱ्याचे घाटे सोलायच्या. पंधरा दिवसांत मी एकटीनं बारा गोल केले, सगळे आमच्याच मुलींवर. माझा आनंद काय वर्णावा!

त्या मुलींपैकी एकीचं, गोलकीपरचं, मला खरंच वाईट वाटायला हवं होतं. पण मला दिसायची फक्त यमुना.

यमुना पेठकडची. डोंगरातलं गाव, घरात थोडा भात आणि नागली, म्हणजे नाचणी, आणि हिवाळा लागला की सगळं कुटुंब द्राक्षबागांत मजुरीला खाली उतरायचं. ती वसतिगृहात राहून आमच्याकडे दहावीत शिकत होती. बारीक, काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या. पळायची तेव्हा पायांचा आवाज यायचा नाही. उजव्या बाजूनं चेंडू घेऊन निघाली की मैदानाची कड तिच्या मालकीची व्हायची. त्या वर्षी विभागाचा संघ निवडायचा होता. निवड झाली की क्रीडा वसतिगृहात जागा, पुढची दोन वर्षं शिक्षण, जेवण आणि खेळ. नाही झाली, तर दहावीनंतर तीही बागेत. इतकं सरळ होतं. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि आमच्या दगूनानांना तर आमच्या दोघींच्या आधी कळलं होतं.

दगूनाना म्हणजे मैदानाचे राखणदार. सकाळी पाणी मारायचे, मग पत्र्याच्या डब्यातून चुन्याची फक्की मारत रेघा आखायचे. डोक्याला मफलर, ओठांत विझलेली विडी. माझी कसरत ते रोज बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, "बाई, तुम्ही लय भारी खेळता." मी ब्लेझर सावरला. मग म्हणाले, "पोरी कवा खेळणार?" मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

निवडीचा सामना पौषात, सकाळी आठला होता. अशी थंडी की मुलींच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि निवड समितीतले दोन गृहस्थ कानटोप्या घालून खुर्च्यांत गुरफटून बसले होते. मी रेघेबाहेर उभी होते, हातात स्टिक घेऊन. कोचला स्टिक कशाला लागते? हा प्रश्न मला तेव्हा कुणी विचारला असता, तर मी त्याच स्टिकनं उत्तर दिलं असतं.

बरोबरी चालली होती. शेवटची पाच मिनिटं. मधून कुणीतरी लांब चेंडू मारला, उजव्या कडेला, थेट माझ्या दिशेनं. यमुना त्याच्यामागे सुटली. चेंडू गवतावर सरसरत येत होता, मी डोळे मिटले असते तरी कळला असता. आणि माझे हात, देवाशपथ सांगते, मला न विचारता पुढे गेले. चेंडू रेघेच्या आत होता. मी तो टिपला, अलगद, सुंदर, आणि धावत येणाऱ्या यमुनाच्या पुढ्यात सरकवला. तिनं तो घेतला, दोघींना चकवलं आणि गोल मारला.

मी उडी मारली. गुडघ्यासकट.

मग शिट्टी ऐकू आली. अंपायर माझ्याकडे बघत होता. सगळं मैदान माझ्याकडे बघत होतं. कानटोपीवाल्यांपैकी एकजण दुसऱ्याला म्हणाला, ते मला नीट ऐकू आलं, "पोरगी चांगली आहे का बाईंनी खेळवली, काय कळायचं?"

गोल रद्द झाला. आम्ही हरलो. यादीत यमुनाचं नाव नव्हतं.

माफी मागायला मी तिच्याकडे गेले. भाषण तयार होतं, त्यात 'क्रीडाजीवन' असा शब्दसुद्धा होता. ती पायाचे पट्टे सोडत बसली होती. वर बघून म्हणाली, "बाई, मी पोचले आसते."

रागानं नाही म्हणाली. नुसतं सांगितलं, घड्याळात किती वाजले सांगावं तसं. आणि पट्टे गुंडाळून वसतिगृहाकडे गेली. शनिवारी तिचे वडील येऊन तिला बागेवर घेऊन गेले, परीक्षेपर्यंत तिथंच, कामाला दोन हात जास्त लागतात म्हणून.

*

हे सगळं मी रेवाला कधी सांगितलं नव्हतं. आज्यांच्या गोष्टींत आज्या नेहमी जिंकतात, तो नियम मीही पाळत आले.

पण या महिन्यात मी तिच्याबरोबर रिंकवर जाऊ लागले. सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी सुटते, मोटरसायकलींची रांग लागते, आणि त्यातल्याच काहींच्या मागे बसून पोरं येतात, गुडघ्यांना कोपरांना गाद्या बांधलेली, हेल्मेटात डोकी बुडालेली. मी गेटापाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर काठी टेकून बसते. पहिल्याच दिवशी पाहिलं, रेवा बाकावर बसून स्केटच्या नाड्या बांधत होती.

"हे काय?"

"घालून नुसती बसणार आहे, आजी. मुलांना बरं वाटतं."

मुलांना! दहा मिनिटांत ती रिंकच्या मध्यभागी. चेंडू तिच्याकडे, पोरं कडेला. एक जण हेल्मेट काढून डोकं खाजवत होता. मला घाटे सोलण्याचा वास आला.

दुसऱ्या दिवशी तिचा डावा स्केट सापडेना. घर पालथं घातलं. तो तांदळाच्या पिंपात होता, पण मला कुणी तांदळाविषयी विचारलंच नाही.

"तूच लपवलास."

"माझं वय एकाहत्तर. माझ्या लक्षात राहत नाही."

"आजी, मी नुसती उभी राहिले ना, तर मला वेड लागेल. तुला नाही कळणार."

तेव्हा मात्र मी तिला खाली बसवलं आणि यमुनाची गोष्ट सांगितली, हरेपर्यंतची. ती म्हणाली, "आणि पुढे?"

*

पुढे मी राजीनामा लिहिला. अडीच पानी. भाषा अशी की वाचणाऱ्यानं डोळे पुसावेत. मुख्याध्यापिकेकडे निघाले तर वाटेत दगूनाना रेघ आखत होते. त्यांनी कागद बघितला आणि म्हणाले, "एक पान द्या." मी दिलं. त्याचा त्यांनी शंकू केला आणि त्यातून चुना डब्यात ओतला.

"दगूनाना, तो माझा राजीनामा आहे!"

"हाय ना. जाड कागद हाय, बरा हाय." मग रेघेकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, ही रेघ मी रोज कुणासाठी मारतो? पोरींसाठी? त्यांना ठाऊक हाय कुठवर पळायचं. ही तुमच्यासाठी."

त्यांनीच बातमीही दिली. विभागाच्या दोन जागा रिकाम्या राहिल्या होत्या, माघाच्या शेवटी फेरनिवड होणार होती. सहा आठवडे होते. उरलेली दीड पानं मी फाडली नाहीत. तेवढा मोठेपणा माझ्यात आला नव्हता. घडी घालून ब्लेझरच्या खिशात ठेवली आणि ब्लेझर पेटीत.

दर रविवारी पहाटेच्या एसटीनं मी पिंपळगावच्या बाजूला जायचे, यमुना होती त्या बागेवर. त्या पहाटा अजून डोळ्यांपुढे आहेत. दव गोठून घड करपू नयेत म्हणून बागांच्या बांधांवर शेकोट्या पेटवलेल्या असायच्या आणि धूर वेलींच्या मांडवाखाली आडवा पसरलेला. त्या धुरातून कात्र्यांचा आवाज यायचा, कच्, कच्, बायका घड विरळत असायच्या. यमुनाच्या वडिलांनी पहिल्या खेपेला मला आपादमस्तक न्याहाळलं.

"बाई, तुमच्यामुळं ऱ्हायलं ना तिचं?"

"माझ्यामुळंच."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. का ठीक होतं, ते मला आजतागायत कळलं नाही. पण कामावर चढण्याआधीचा एक तास त्यांनी तिला दिला, आणि तिच्या आईनं मला नागलीची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा दिला. तो खाऊन थंडी पुढचे तीन तास माझ्या जवळपास फिरकली नाही.

दोन बागांमधल्या बैलगाडीच्या वाटेवर आम्ही सराव करायचो. एका चाकोरीतून यमुना पळायची. मी स्टिक शाळेतच ठेवून यायचे. तरी हात वळवळायचे, म्हणून शालीनं ते पाठीमागे बांधून घ्यायचे. मजूर बायका कात्र्या थांबवून हसायच्या. एक म्हणाली, "बाईंना पोलिसानं धरलं का काय!" हसू दे. बांधलेल्या हातांनी मला पहिल्यांदा शिकवावं लागलं, म्हणजे बोलावं लागलं. आणि बोलायचं तर आधी बघावं लागलं. तेव्हा कुठे दिसलं की यमुना चेंडूकडे बघतच नाही. ती ऐकते. माझ्यासारखी. हे मी तिला शिकवलं नव्हतं, आणि सांगायला लाज वाटते, ते कळल्यावर आनंदाआधी मला थोडा मत्सर वाटला.

फेरनिवडीच्या सकाळी शाल चालणार नव्हती. निवड समितीसमोर हात बांधून उभी राहिले असते तर थेट इस्पितळात नेलं असतं. दगूनाना चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांनी एक काचेचा ग्लास घेऊन आले. त्यात चहा, काठोकाठ. इतका की वरचा थेंब फुगून उभा होता.

"दोन्ही हातांनी धरा. प्यायचा नाय. सांडला तर समजायचं, तुम्ही खेळल्या."

तो सामना मी चहासकट पाहिला. ग्लास भाजत होता. पहिली काही मिनिटं मला मैदान दिसलंच नाही, फक्त तो फुगलेला थेंब दिसला. मग हळूहळू शरीराला कळलं की खांदा हलला की चहा हलतो, ओरडलं की चहा हलतो, मनात नुसतं 'मार!' आलं तरी हलतो. म्हणून मनातही हळू बोलायला लागले. उत्तरार्धात तोच चेंडू आला. तसाच लांब, त्याच कडेला, सरसरत माझ्याकडे. यमुना सुटली. माझ्या बुटात पायाची बोटं वळली. अंगठ्यावर चटका बसला.

ती नाही पोचली.

चेंडू दोन बोटं आधी रेघेबाहेर गेला, माझ्या पायाला लागून थांबला. यमुना रेघेवर उभी, तोंडातून वाफ, छाती भात्यासारखी. तिनं चेंडूकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि फस्सकन हसली.

"बाई, हात भाजला का?"

"तू पळ!" मी म्हटलं. चहा हलला, सांडला नाही.

नंतरच्या चेंडूला ती पोचली. त्याच्या नंतरच्यालाही. गोल तिनं एकही मारला नाही, दोन दुसऱ्यांना मारायला दिले. कानटोपीवाल्यांनी नावं वाचली त्यात तिचं शेवटचं होतं, आणि या वेळी पोरगी खेळली का बाई, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. मी तो चहा प्यायले. गारढोण, वर साय धरलेली. तसा चहा मी पुन्हा प्यायले नाही.

यमुना पुढे पेठ तालुक्यातच खेळाची शिक्षिका झाली, आता निवृत्तही झाली. दर हिवाळ्यात तिच्याकडून नागलीचे पापड येतात, आणि फोनवर पहिला प्रश्न एकच, "बाई, चहा घेतला का?"

*

"म्हणजे नुसतं उभं राहायचं," रेवा म्हणाली.

"नुसतं उभं राहणं तुला जमतं का, ते आधी बघ. पळणं काय, कुणीही पळतं."

"पुढच्या हिवाळ्यात मी बर्फावर जाणार आहे, आजी. हे नक्की."

"जा की. मी कुठे अडवतेय? यंदाचा हिवाळा या पोरांचा आहे."

स्केट कुठे आहे, ते तिला एव्हाना कळलं होतं. पण त्या आठवड्यात तिनं तांदळाचं पिंप दोनदा उघडलं आणि आत हात घातला नाही. आत स्केटच्या वर मी डाळीची पिशवी ठेवली होती, ती जागची हलली नव्हती.

गेल्या रविवारी पुण्याचा एक संघ खेळायला आला. पोरं दहा-अकरा वर्षांची, पण ऐट जागतिक स्पर्धेची. रेवा साधे बूट घालून बाकापाशी उभी होती. मी थर्मास उघडला आणि तिच्या हातात ग्लास दिला. काठोकाठ.

"दोन्ही हातांनी."

"माहितेय."

मी गेटापाशी माझ्या खुर्चीवर बसले. आमच्याकडे झोया नावाची एक चिमुरडी आहे, संघात सगळ्यांत लहान, वडील सातपूरला लेथवर काम करतात. ती पडायची, उठायची, पुन्हा पडायची. दर वेळी रेवाचे खांदे वर जायचे, आणि चहाकडे बघून खाली यायचे. एकदा तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मनातही हळू बोलत होती. मला त्या पाठमोऱ्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी थर्मासचं झाकण विनाकारण तीनदा घट्ट केलं.

तेवढ्यात चेंडू सुटला. कडेकडेनं, सिमेंटवर खरखरत, उघड्या गेटाच्या दिशेनं. म्हणजे माझ्या. त्याच्यामागे झोया, हात पसरून, चाकं धडधडत. मी शांत होते. मी तर यातली तज्ज्ञ! एकाहत्तर वर्षांचं शहाणपण मांडीवर घेऊन बसले होते.

आणि माझ्या काठीची मूठ आपोआप खाली झाली, वाकडा भाग पुढे गेला, आणि मी तो चेंडू टिपला. अलगद. सुंदर.

शिट्टी वाजली. सगळं रिंक माझ्याकडे बघायला लागलं. पुण्याची पोरं हसत होती. झोया माझ्यासमोर येऊन कचकन थांबली, हेल्मेट मागे ढकललं आणि कमरेवर हात ठेवले.

"आजी, काठी काढा ना! मी पोचतच होते!"

मी काठी काढली. पलीकडे रेवा सगळं बघत होती. हसून तिचे डोळे भरले होते, पण हात स्थिर होते आणि त्या ग्लासातला एक थेंबही हलला नव्हता.

"आजी," तिनं तिथूनच हाक मारली, "पुढच्या रविवारी दोन ग्लास आण!"

आणणार आहे. सराव सुरू केलाय. रोज सकाळी, कट्ट्यावर जाण्याआधी, काठोकाठ भरलेला ग्लास दोन्ही हातांत धरून ओट्यापाशी दहा मिनिटं उभी राहते, आणि बाहेर खेळणाऱ्या पोरांच्या चेंडूचा आवाज ऐकते.

अजून सांडतो.